घोडीच्या सौद्यांतील एक राहिलेलें कलम

घोडी विकत घेतांना आपल्याकडे जितकी पारख होते, तितकी दुसऱ्या कोणत्याही जनावराची क्वचितच होत असेल. ओठ उघडून दांतांवरून वय काढतात, खूर उचलून फट पाहतात, डोळ्यांपुढें हात हालवून नजर पाहतात, चालवून व दौडवून पाय पाहतात. मग भोंवऱ्यांची पाहणी सुरू होते. गळ्याखालीं देवमण आहे काय, चारी पाय व तोंड पांढरें असून घोडी पंचकल्याण आहे काय, अशुभ जागीं एखादा भोंवरा दडला आहे काय, हें जाणत्या माणसाकडून दोनदां पाहून घेतात. मारवाडी घोडी असेल तर कानांचीं टोकें एकमेकांस भिडतात कीं नाहीं, यावर किंमत चढते किंवा उतरते. इतकी परीक्षा झाल्यावर रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरतो आणि घोडी दावणीला येते. ही सारी परीक्षा बाहेरच्या अंगाची झाली. घोडी शिंगरांसाठीं घ्यावयाची असेल, तर ज्या अवयवांवर सर्व भिस्त आहे ते आंत असतात, आणि त्यांच्याविषयीं सौद्याच्या वेळीं एक शब्दही कोणी काढीत नाहीं. माझें म्हणणें असें आहे कीं, तो शब्द काढला पाहिजे, आणि नुसता काढून न थांबतां कागदावर लिहून घेतला पाहिजे.

मी पशुवैद्य नाहीं. माझी सारी नोकरी महसूल कचेरींत उतारे, फेरफार आणि पंचनामे लिहिण्यांत गेली. त्यामुळें या विषयांतील वैद्यकीय भाग मीं जाणत्यांकडून व ग्रंथांतून समजून घेतला आहे. कागदाचा भाग मात्र माझ्या स्वतःच्या अनुभवाचा आहे. जमिनीच्या व्यवहारांत एक ओळ लिहावयाची राहिली म्हणून दोन घरांचें तीन पिढ्यांचें वैर झालेलें मीं पाहिलें आहे. जनावरांच्या व्यवहारांत तर ओळच काय, कागदही नसतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. न फळणारी प्रत्येक घोडी उपजत वांझ असते असें मुळींच नाहीं. घोडी गाभण न राहण्याचीं बहुतेक कारणें मागाहून आलेलीं असतात. गर्भाशयाला जंतुदोष झालेला असतो, मागील वेळीं वार वेळेवर पडलेली नसते, वय झालेलें असतें, खुराक कमी पडलेला असतो, किंवा घोडा दाखविण्याचा दिवसच चुकलेला असतो. कांहीं घोड्यांच्या योनिमुखाची ठेवण अशी तिरपी असते कीं, चालतांना वारा व लीद आंत जाते आणि गर्भाशय बिघडतें. यावर वरचा भाग टांके घालून बंद करण्याची शस्त्रक्रिया कॅस्लिक नांवाच्या अमेरिकन पशुवैद्यानें १९३७ सालीं प्रसिद्ध केली, आणि ती आजही त्याच्याच नांवानें चालते. या सर्व गोष्टींवर उपाय आहेत. जिला एकदां शिंगरू झालें आहे, ती घोडी पुढें फळेनाशी झाली तर दोष बहुधा याच जातीचा समजावा. प्रश्न आहे तो त्या घोडीचा, जी वयांत आली, खाऊन पिऊन धड आहे, चांगला घोडा वेळोवेळीं दाखविला आहे, आणि तरीही जी कधींच गाभण राहिलेली नाहीं.

अशा घोडींतही उपजत दोष एका मापाचे नसतात. एक दोष तर असा आहे कीं, त्याचें निदान व उपाय हीं दोन्हीं एकाच वेळीं होऊन जातात. योनिमार्गांत जन्मतः एक पातळ पडदा असतो. तो कांहीं तरुण घोड्यांत फाटत नाहीं. आंत तयार होणारा स्राव त्याच्यामागें सांचत जातो, आणि घोडी बसली किंवा तिनें जोर केला म्हणजे पांढरट निळसर फुगा बाहेर डोकावतो. पाहणारा घाबरतो, गर्भाशयच बाहेर येत आहे असें त्याला वाटतें. पशुवैद्य हा पडदा बोटानें किंवा लहानशा छेदानें मोकळा करतो, आणि मागील अवयव नीट असतील तर घोडी पुढें इतर घोड्यांसारखीच फळते. एवढ्याशा दोषासाठीं चांगली घोडी कवडीमोलानें विकली जाऊं नये, म्हणून याचा उल्लेख मुद्दाम केला.

याउलट गर्भाशयाचें एक शिंगच तयार न होणें, गर्भाशयाचें मुख दुहेरी असणें, नलिकेचा मधला तुकडा नसणें, असेही दोष घोडींत आढळतात. पण ते विरळा. गाईंत हा प्रकार आपणां शेतकऱ्यांस अधिक परिचयाचा आहे. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वांझ निघते, हें आपले वाडवडील अनुभवानें जाणत होते. पोटांत असतांना दोघांच्या वारेंतील रक्तवाहिन्या जोडल्या जातात व गोऱ्ह्याच्या रक्ताचा परिणाम कालवडीच्या अवयवांवर होतो, हें त्याचें कारण. घोडींत जुळीं बहुधा गाभडतात, दोन्हीं जगून वाढण्याचा योग फार थोडा. म्हणून घोडीच्या वांझपणाचा विचार करतांना गाईवरून अंदाज बांधणें सोडून द्यावें लागतें. घोडीचा मुख्य उपजत दोष निराळाच आहे, आणि तो शरीराच्या फार खोल भागांत असतो.

प्राण्याच्या शरीराच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रें नांवाचे सूक्ष्म धागे असतात आणि आईबापांचे गुण त्यांतून पिलांत उतरतात. घोड्याच्या पेशींत असे ६४ धागे, म्हणजे ३२ जोड्या असतात. त्यांतील एक जोडी लिंग ठरविणारी. घोडींत या जोडीचीं दोन्हीं सूत्रें सारखीं असून त्यांस एक्स म्हणतात. घोड्यांत एक एक्स व एक वाय असतें. कधीं कधीं बीज तयार होतांना वांटणी चुकते आणि शिंगरूं एकाच एक्सवर जन्मास येतें. त्याच्या पेशींत ६३ च सूत्रें भरतात. असें शिंगरूं दिसावयास मादीच असतें. खेचराच्या पेशींतही ६३ सूत्रें असतात म्हणून कोणी दोघांची गल्लत करूं नये. खेचराला घोडीकडून ३२ व गाढवाकडून ३१ मिळतात आणि त्यांच्या जोड्या जुळत नाहींत. येथें मात्र बाकी सर्व जोड्या ठीक असून एकच धागा हरवलेला असतो.

तो एक धागा हरवल्याचा परिणाम बीजकोशांवर होतो. घोडीचे बीजकोश टिकण्यास दोन एक्स लागतात. एकच असल्यास आंतील बीजें लवकरच मरून जातात आणि मागें कठीण, लहान गांठीसारखा कोश तेवढा उरतो. फळत्या घोडीचा बीजकोश हंगामांत कोंबडीच्या अंड्याएवढा किंवा त्याहून मोठा हाताला लागतो. या घोडीचा सुपारीएवढा किंवा त्याहूनही लहान. गर्भाशय पातळ व ढिलें, त्याचें मुखही घट्ट मिटत नाहीं. अशा घोड्या पुष्कळदां अंगानें थोड्या लहानखुऱ्या असतात, पण बाकी कोठेंही व्यंग दिसत नाहीं. रंग, चाल, स्वभाव, डोळे सर्व उत्तम. वांझ घोडींत असा गुणसूत्रांचा दोष असल्याचें १९६८ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें, आणि त्यानंतर अनेक देशांत, अनेक जातींच्या घोड्यांत तें पुन्हां पुन्हां आढळलें. कधींच न फळलेल्या व बीजकोश अतिशय लहान असलेल्या घोडींत जे गुणसूत्रदोष सांपडतात, त्यांत हाच सर्वांत अधिक आढळतो. यावर औषध नाहीं. जें बीज नाहींच, तें कोणत्या औषधानें आणावें?

येथें एक गोष्ट प्रत्येक घोडी पाळणारानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे, कारण याच ठिकाणीं बहुतेकांची फसगत होते. घोडी घोड्याला अंगावर घेते म्हणजे तिच्या पोटांत बीज तयार आहे, असें आपण धरून चालतों. गाईच्या बाबतींत तें बरेंचसें खरें आहे. घोडींत तसें नाहीं. बीजकोशांतून बीज सुटल्यानंतर जो गर्भरक्षक रस रक्तांत येतो, तो घोडीला घोड्यापासून दूर ठेवतो. तो रसच नसेल तर घोडी वाटेल त्या दिवशीं शेपटी वर करून उभी राहूं शकते. बीजकोश शस्त्रक्रियेनें काढून टाकलेल्या घोड्याही असा माज दाखवितात. यामुळें एकाच एक्सवरची घोडी कधीं महिनोन्महिने माजावर येत नाहीं, तर कधीं हवे तेव्हां घोडा घेते. चांगल्या घोडीचें चक्र सुमारें २१-२२ दिवसांचें असतें व त्यांत ५ ते ७ दिवस माज टिकतो. ज्या घोडीच्या माजाला असा कांहीं हिशेबच नाहीं, तिच्याविषयीं मनांत शंका यावयास पाहिजे. पण हिशेब कळण्यास तारखा टिपून ठेवाव्या लागतात, आणि शंभरांत किती तबेल्यांत अशी वही सांपडेल हें वाचकांनींच सांगावें.

दुसरा एक प्रकार याहून विचित्र आहे. कांहीं घोड्यांच्या पेशींत ६४ सूत्रें पुरीं असतात, पण लिंगाची जोडी नराची, म्हणजे एक्स व वाय अशी असते. वाय सूत्रावरील ज्या लहानशा अंशामुळें गर्भ नर होतो, तो अंश १९९० सालीं शास्त्रज्ञांनीं शोधून काढला. तोच अंश गळलेला असला म्हणजे नराच्या सूत्रांवर मादीचें शरीर तयार होतें. बीजकोश मात्र निकामी राहतात. कधीं तो अंश असतो, पण शरीर नराच्या रसाला दादच देत नाहीं. मग बाहेरून घोडी, पोटांत वृषण, आणि गर्भाशय मुळींच नाहीं, असें जनावर होतें. तें इतर घोड्यांवर चढतें, नरासारखें खिंकाळतें, आणि मालक त्याला तापट स्वभावाची घोडी समजून बसतो. एक्स हरवण्याचा दोष बहुधा अपघातानें होतो, त्यांत आईबापांचें कांहीं नसतें; हा दुसरा दोष मात्र कांहीं घराण्यांत पुन्हां पुन्हां उतरलेला आढळला आहे. म्हणून एकाच घोडीच्या दोन मुली वांझ निघाल्या, तर त्या घोडीच्या उरलेल्या वंशाकडेही डोळसपणें पाहिलें पाहिजे.

हे दोष विरळा आहेत, मग त्यांचा एवढा विचार कशाला, असें कोणी म्हणेल. ज्याच्या दावणीला तें आलें, त्याचा हिशेब पाहावा. आमच्या भागांतील एका बागाईतदारानें यात्रेंत एक सुरेख कुमाईत घोडी शिंगरांसाठीं म्हणून घेतली. पहिलें वर्ष घोडा दाखविण्यांत गेलें. दुसऱ्या वर्षीं घोडा बदलला. तिसऱ्या वर्षीं गर्भाशय धुण्याचे, इंजेक्शनांचे व देवस्कीचे असे तिन्हीं उपाय झाले. चौथ्या हंगामांत एका पशुवैद्यानें दोनदां तपासून रक्त पाठविलें, तेव्हां कळलें कीं सूत्रें ६३ च आहेत. चार वर्षांचा दाणा, वैरण, मोतद्दाराचा पगार, घोड्याची फी आणि औषधें यांत घोडीची मूळ किंमत दुसऱ्यानें भरून निघाली असती. यांत सर्वांत वाईट गोष्ट पुढें घडूं घातली होती. घरांतल्या एका मंडळीनें सुचविलें कीं, पुढच्या यात्रेला हिला तशीच उभी करावी, आपल्याला जसें कळलें नाहीं तसें घेणाऱ्यालाही कळणार नाहीं. मालकानें तें ऐकलें नाहीं, ही गोष्ट वेगळी. पण ती घोडी त्याच्याकडे अशीच दुसऱ्या कोणीतरी उभी केलेली आली नव्हती कशावरून? वांझ घोडी मरेपर्यंत बाजारांत फिरत राहते, आणि दर खेपेस एका नव्या शेतकऱ्याचीं दोन-तीन वर्षें खाऊन पुढें जाते.

आतां बाजाराचा काळ पाहा. आपल्याकडील घोड्यांचा मोठा बाजार म्हणजे नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेड्याची दत्ताची यात्रा. ती दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेस भरते. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाची यात्राही मार्गशीर्षांतच. घोडी ही मोठ्या दिवसांत फळणारी जात आहे. दिवस लहान झाले कीं पुष्कळ घोड्यांचे बीजकोश विश्रांति घेतात, आकसतात, आणि दिवस वाढूं लागल्यावर पुन्हां कामाला लागतात. म्हणजे ज्या महिन्यांत आपण घोडी विकत घेतों, नेमक्या त्याच महिन्यांत उत्तम घोडीचे बीजकोशही लहान लागण्याचा संभव असतो. त्यावेळीं हात घालून किंवा सोनोग्राफीनें तपासणारा डॉक्टर कितीही कुशल असला, तरी एका तपासणीवरून “ही वांझ” असें तो म्हणणार नाहीं, आणि म्हणूंही नये. तीन वर्षांखालील शिंगरी, दुखण्यांतून उठलेली घोडी, उपाशी घोडी, प्रदर्शनांत अंग भरलेलें दिसावें म्हणून जिला संप्रेरकें टोचलीं आहेत अशी घोडी, यांचेही बीजकोश असेच लहान लागतात. खरी तपासणी फाल्गुनानंतर, घोडी चांगल्या अंगावर असतांना, कांहीं आठवड्यांच्या अंतरानें निदान दोनदां झाली पाहिजे. दोन्ही वेळीं बीजकोश तसेच बारीक लागले, तर रक्ताची तपासणी करावी.

रक्ताच्या या तपासणीला ऋतूची अडचण नाहीं. रक्त गोठूं नये म्हणून हेपारिन घातलेल्या नळींत नमुना घेतात, तो थंड पण न गोठवितां लवकर प्रयोगशाळेस पोंचवितात. तेथें रक्तांतील पांढऱ्या पेशी सुमारें तीन दिवस वाढवून त्यांतील सूत्रें मोजतात. तालुक्याच्या दवाखान्यांत हें काम होत नाहीं. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ या ठिकाणच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील प्रजननशास्त्राच्या विभागांत विचारल्यास नमुना कोठें व कसा धाडावा याची वाट कळेल. सूत्रांची संख्या जन्मल्या दिवशीं असते तीच मरेपर्यंत राहते. कायद्याच्या दृष्टीनें माझा सारा भर याच एका गोष्टीवर आहे.

कायदा काय सांगतो तें आतां पाहूं. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमांत कपट कशास म्हणावें हें दिलें आहे, आणि तें समजावण्यास जीं उदाहरणें घेतलीं आहेत त्यांत घोडाच आहे, ही मौज आहे. विकणाऱ्याला घोड्याचें व्यंग ठाऊक आहे, लिलावांत तो त्याविषयीं कांहींच बोलत नाहीं. तर तेवढ्यानें तें कपट होत नाहीं, असें एक उदाहरण आहे. दुसऱ्यांत घेणारा म्हणतो कीं, तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी धरून चालेन. आणि विकणारा गप्प राहतो. येथें त्याचें गप्प राहणें हें बोलण्यासारखेंच धरलें जातें. दोन्हीं ठिकाणीं विकणारा मुकाच आहे. फरक पडला तो घेणाऱ्यानें तोंड उघडल्यामुळें. १९३० च्या मालविक्री कायद्याचें १६ वें कलमही याच धोरणाचें आहे: वस्तु कोणत्या कामासाठीं हवी हें घेणाऱ्यानें सांगितलें असेल, विकणाऱ्याच्या जाणतेपणावर तो विसंबला असेल आणि विकणाऱ्याचा तो धंदाच असेल, तर वस्तु त्या कामाची असल्याची हमी कायदा गृहीत धरतो. आपण यात्रेंत भाव सोडून सर्व गोष्टी मनांत ठेवतों, आणि मग फसलों म्हणून ओरड करतों. पैदाशीसाठीं घोडी हवी, हें साक्षीदारांसमोर उघड बोलणें हें पहिलें काम, आणि तेंच लिहिणें हें दुसरें.

व्यापारी मंडळींचे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि त्यांतील एक वजनदार आहे. घोडी एकदां परक्याच्या दावणीला गेली कीं तो तिला कशी वागवील, काय खाऊं घालील, कोणता रोगी घोडा दाखवील, याची जबाबदारी आम्ही कां घ्यावी? हें अगदीं रास्त आहे. म्हणूनच मी गाभण राहण्याची हमी मागत नाहीं. तशी हमी कोणत्याही शहाण्या विकणाऱ्यानें देऊं नये. मी मागतों ती फक्त उपजत दोष नसल्याची हमी. घेणाऱ्यानें घोडी उपाशी ठेवली, राबविली, गर्भाशय बिघडविलें, तरी तिचें ६४ वें सूत्र तो काढून घेऊं शकत नाहीं कीं गर्भाशयाचें शिंग नाहींसें करूं शकत नाहीं. जो दोष सौद्यानंतर उत्पन्न होणें शक्यच नाहीं, त्याचीच जोखीम विकणाऱ्यावर राहते. जमिनीच्या खरेदीखतांत मागील बोजा विकणाऱ्यानें वारावा असें आपण लिहून घेतों, त्याच तऱ्हेचें हें आहे. प्रामाणिक विकणाऱ्याला यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं, कारण असे दोष थोडे. आणि आपल्या घोडीचा रक्ताचा दाखला आधींच जवळ ठेवणाऱ्याला तर चार पैसे अधिकच मिळतील.

दुसरा आक्षेप असा कीं, यात्रेंतला व्यापारी राजस्थानांतून किंवा उत्तर प्रदेशांतून आलेला असतो. वैशाखांत त्याला कोठें शोधावयाचें? यावर माझी सूचना अशी कीं, किंमतीचा कांहीं भाग, समजा पांचवा हिस्सा, तपासणी होईपर्यंत दोघांच्या विश्वासांतील तिऱ्हाइताकडे ठेवावा. स्थानिक जामीन मिळाला तर तोही चालेल. असें करण्यास जो विक्रेता मुळींच तयार नसतो, त्याची घोडी बैठकीसाठीं खुशाल घ्यावी, शिंगरांसाठीं घेऊं नये.

हल्लीं आणखी एक बोलणें ऐकूं येतें. २०२३ सालीं बिकानेर येथें राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या शाखेंत एका मारवाडी घोडीचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या पोटांत वाढवून शिंगरूं जन्माला आलें, तेव्हांपासून कांहीं जण सांगतात कीं, आतां वांझ घोडीचीही काळजी नको. हा समज उलटा आहे. तेथें गर्भ चांगल्या घोडीच्या बीजाचा होता. पोट तेवढें दुसरीचें. एकाच एक्सवरच्या घोडीत बीजच नसतें, मग तिच्याकडून द्यावयाचें काय? अशा घोडीचें शिंगरूं म्हणून तिच्या वंशाचें शिंगरूं कधींच मिळणार नाहीं, हें घेणाऱ्यानें पक्कें समजावें.

याचा अर्थ घोडी निकामी झाली असा मात्र नव्हे. बैठकीला, टांग्याला, वरातीला ती इतर कोणत्याही घोडीइतकीच चांगली असते, शिवाय गाभाच्या अकरा महिन्यांची व शिंगरू पाजण्याची खोटी नाहीं. कांहीं पैदासकेंद्रांत घोड्याचें रेत घेतांना उभी करावयाला अशीच घोडी मुद्दाम राखतात, कारण ती केव्हांही घोड्याला उभी राहते. तिला अपशकुनी म्हणून मारणारे, पाणी तोडणारे लोकही मीं पाहिले आहेत. धागा हरवला तो ती आईच्या पोटांत पडण्याच्या क्षणीं. तिनें त्यांत काय केलें? वांझ हा शब्दच आपण इतका सैलपणानें वापरतों कीं, जनावर असो, माणूस असो, तपासणीआधींच शिक्षा होऊन गेलेली असते.

भीमथडी घोड्याला अलीकडेच कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनें स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. धनगर बांधवांच्या कळपाबरोबर चालणाऱ्या या तट्टांच्या शुद्ध घोड्या आतां फार नाहींत, आणि त्या पैदाशीसाठीं निवडण्याचें काम पुढें येणार आहे. तेथें तर एक वांझ घोडी निवडली गेली म्हणजे तीन-चार हंगाम फुकट गेले. अशा कामाला आरंभींच रक्ततपासणीची अट घालावी असें मला वाटतें.

आतां कलमाचा मसुदा देतों. कोणाला शब्द बदलावयाचे असतील तर खुशाल बदलावे, अर्थ मात्र राखावा. “सदर घोडी शिंगरांच्या पैदाशीसाठीं घेतली जात आहे हें विकणारास माहीत आहे. तिच्या जननेंद्रियांत किंवा गुणसूत्रांत तिला कायमची वांझ ठेवणारा उपजत दोष असल्याचें पुढील ज्येष्ठ अखेरपर्यंत पशुवैद्याच्या लेखी दाखल्यानें ठरल्यास विकणारानें घोडी परत घेऊन पूर्ण किंमत परत द्यावी. मधल्या काळांतील खाणें व औषध यांचा खर्च घेणारानें सोसावा. योनिपटलासारखा दुरुस्त होणारा दोष, जंतुदोष, वय, अशक्तपणा किंवा अपघात यांस हें कलम लागू नाहीं.” कांहीं घोड्यांच्या रक्तांत ६३ व ६४ अशा दोन्हीं तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या सांपडतात, अशा घोडीचे बीजकोश थोडेंफार काम करीत असूं शकतात, म्हणून ती कायमची वांझ असल्याचें डॉक्टरांनीं स्पष्ट लिहिल्याखेरीज हें कलम लावूं नये.

कागदावर घोडीचें वर्णन नीट लिहावें. रंग, वय, उंची, पांढरे पाय, डाग, आणि अंगावरील प्रत्येक भोंवऱ्याची जागा त्यांत यावी. भोंवऱ्यांच्या शुभाशुभाबद्दल ज्याचें त्याचें मत असो. दोन घोड्यांचे सर्व भोंवरे सहसा सारखे नसतात, म्हणून ओळख पटविण्यास त्यांच्यासारखी दुसरी खूण नाहीं. रक्त काढतांना शक्य तर विकणाऱ्याचा माणूस हजर ठेवावा, नळीवर घोडीची खूण व तारीख घालून दोघांच्या सह्या घ्याव्या. सौद्याच्या कागदाच्या दोन प्रती करून प्रत्येकीवर दोन साक्षीदार घालावे, आणि घोडी घरीं आल्या दिवसापासून तिच्या माजाच्या तारखा एका वहींत लिहावयास लागावें. ज्येष्ठांत पशुवैद्य पहिला प्रश्न त्याच तारखांचा विचारील.